दोन मार्कांची मुलगी

मित्रांनो, मी चेंडू आहे, पण गोल नाही. तुम्ही क्रिकेटचा चेंडू पाहिला असेल, फुटबॉल पाहिला असेल. मी त्यांच्यातला नव्हे. मी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा लंबगोल चेंडू, लाल कातड्याचा, दोन्ही टोकांना निमुळता. म्हणजे एके काळी होतो. आता माझा रंग विटला आहे, एका बाजूला फुगवटा आला आहे, आणि सिंगापुरात, बिशानमधल्या एका फ्लॅटच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर मी पडून असतो. वय झाले की प्रत्येकाला आपले पराक्रम सांगावेसे वाटतात. माझ्याजवळ तसे फारसे काही नाही. मात्र माझ्यादेखत एका घरात जे झाले, ते तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म मेलबर्नच्या एका लहान कारखान्यात झाला. गाईच्या कातड्याचे चार तुकडे कापले, ते उलट्या बाजूने शिवले, मग ती पिशवी उलटवून सुलटी केली. आत रबरी फुगा घातला आणि तोंड वादीने घट्ट आवळले. शिवणाऱ्या बाईने मला दोन्ही तळव्यांत धरून फिरवले, माझी टोके निरखली आणि मान डोलावली. तेवढ्या एका मान डोलावण्यावर मी कित्येक वर्षे खूश होतो.

आमच्या खेळात खेळाडू मला दोन्ही हातांत धरतो, पायासमोर सोडतो आणि जमिनीला लागायच्या आत लाथ मारतो. सोडताना मनगट सरळ राहिले तर मी गिरक्या घेत नेमका जातो. मनगट वळले तर डगमगतो. पलीकडे कोणी उंच उडी मारून मला डोक्यावर झेलले, की सारे मैदान ओरडते. त्या ओरडण्यासाठीच आम्ही चेंडू जगतो.

मला विकत घेतले निशिकांतने. तो मूळचा पुण्याचा, हिशेबतपासनीस. नोकरीसाठी मेलबर्नला गेला आणि ऑफिसातल्या लोकांबरोबर एक सामना पाहून आला, तो पेलिकन्स नावाच्या क्लबचा भक्त होऊनच. त्याची बायको सुनेत्रा म्हणायची, "लोक परदेशात जाऊन देव विसरतात. याला तिथं नवा सापडला." त्यांची मुलगी मैत्रेयी पाच वर्षांची झाली तेव्हा वाढदिवसाला त्याने मला आणले. तिला मी दोन्ही हातांत मावत नव्हतो. ती मला बाळासारखी पोटाशी धरून पळायची आणि निशिकांत मागून ओरडायचा, "सोड आणि मार! सोड आणि मार!"

पुढे निशिकांतची बदली सिंगापूरला झाली. तो तांजोंग पगारच्या ऑफिसात जाऊ लागला, मैत्रेयी बिशानच्या शाळेत, आणि मी बॅगेतून निघून या कपाटावर आलो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत भिंतीवर पाटी होती, इथे चेंडू खेळू नये. पहिल्या दिवशी ती वाचून मला माझा फार अपमान झाल्यासारखे वाटले. पण पार्कापलीकडे एक गवताचे मैदान होते. तिथे रोज सकाळी शाळेआधी बापलेक मला घेऊन जात. मैत्रेयी मोठी झाली तशी एकटी जाऊ लागली. वीज कडाडण्याच्या आधी तिथे भोंगा वाजतो आणि दिवा लुकलुकतो. तो वाजला की ती मला काखेत मारून पळत सुटे आणि आम्ही दोघे भिजून घरी येत असू. ती माझी सुखाची वर्षे.

पण मित्रांनो, कातड्याला ही हवा मानवत नाही. कपाटावर पडल्या पडल्या माझ्यावर बुरशी धरायची. सुनेत्रा बिचारी मायेने पुसायची आणि वर खोबरेल तेल चोळायची. तेलाने कातडे मऊ पडले, पावसाने ओढले गेले, आणि डाव्या शिवणीजवळ मी हळूहळू फुगत गेलो. एका दिवसात झाले असते तर कोणाच्या तरी लक्षात आले असते. वर्षावर्षाने झाले, म्हणून कोणाच्याच आले नाही. मी मात्र जाणत होतो. पायातून सुटलो की मी डावीकडे ओढला जाई. मैत्रेयी मला सरळ धाडण्यासाठी नकळत मनगट उजवीकडे वळवू लागली. आणि शनिवारी तिच्या संघाचा सराव असे, तिथे नवेकोरे चेंडू असत. त्यांच्यावर तेच वळलेले मनगट आडवे येई, नि तिची किक भलतीकडे जाई.

"बाबा, नवीन बॉल घेऊ या ना," ती एकदा म्हणाली होती.

"अगं, हा मेलबर्नचा आहे. यावर हात बसला की जगातल्या कुठल्याही चेंडूवर खेळशील," निशिकांत म्हणाला होता. हे बोलताना त्याने मला प्रेमाने थोपटले. मला लाज वाटली, पण चेंडूला तोंड नसते.

आता या घरातल्या रिवाजाबद्दल सांगतो. आमच्या खेळात दरवर्षी ड्राफ्ट होतो. म्हणजे ऑस्ट्रेलियाभरातल्या होतकरू मुलामुलींतून प्रत्येक क्लब आळीपाळीने आपल्याला हवे ते खेळाडू निवडतो. बहुतेक जण अठरा वर्षांचे असतात. मुलांचा ड्राफ्ट वेगळा, मुलींचा वेगळा. पेलिकन्सने कोणाला घेतले हे कळले, की पुढच्या शनिवारी दुपारी निशिकांतच्या घरी बैठक बसे. बँकेतली क्षिप्रा यायची, ती काही वर्षे ॲडलेडला राहिलेली. आयटीतला प्रबोध यायचा. त्याला हा खेळ निशिकांतनेच शिकवला होता. टीव्हीवर नव्या खेळाडूंच्या चित्रफिती लावायच्या आणि एकेकाने निकाल द्यायचा. ज्याच्या हातात मी, त्यानेच बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. शेवटी दहापैकी मार्क. प्रबोध हे सगळे फोनवर चित्रित करून, खाली इंग्रजी भाषांतर घालून, क्लबच्या चाहत्यांच्या पानावर टाकायचा. मेलबर्नचे लोक खाली लिहायचे, बिशानवाल्यांचे काय म्हणणे आहे, आधी ते ऐका.

निशिकांतचा निकाल सर्वांत नावाजलेला. तो चित्रफीत थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा थांबवायचा. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचेच त्याचे काम. ती सवय घरी येऊन बसली होती. त्याला कोणाचे वाईट करायचे नसे. त्याला फक्त चूक दिसे, आणि दिसली की ती नेमक्या शब्दांत सांगितल्याशिवाय राहवत नसे.

त्या डिसेंबरात मुलींचा ड्राफ्ट झाला. शाळांना सुट्टी होती. मैत्रेयी सतरा वर्षांची होती आणि घरात वेगळीच गडबड चालली होती. आशियातल्या मुलींचा एक संघ मेलबर्नला खेळायला जाणार होता. त्याच्या निवडीसाठी एक प्रशिक्षिका सिंगापूरला यायची होती. पुढच्या रविवारी चाचणी. निशिकांतने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवले होते. मैत्रेयी रोज उजाडताच मला घेऊन मैदानावर जात होती.

त्या शनिवारी क्लबने घेतलेल्या मुलींपैकी शेवटची पडद्यावर आली. टेस तिचे नाव. लहानशा गावातली, बुटकी, केस घट्ट बांधलेले. निशिकांतने मला हातात घेतले.

"थांबव. हे बघा," तो म्हणाला. "उंची नाही. ठीक, उंची देवाच्या हातात. पण मनगट? चेंडू सोडताना मनगट वळतंय. प्रत्येक वेळी. मग किक डगमगणार नाही तर काय होणार? डावा पाय तर नुसता उभं राहायला दिलाय. आणि चूक झाली की चेहरा बघा हिचा. आता रडते की मग, असा. अशा मुली शाळेच्या मैदानावर छान दिसतात. आईबाप टाळ्या वाजवतात. पण म्हणून क्लबनं जागा वाया घालवायची?"

"मार्क सांगा, निशिकांतराव," प्रबोध फोन पुढे धरून म्हणाला.

"दोन."

"दोन कशाचे?"

"एक बूट घातल्याबद्दल. आणि एक बरोबर पायात घातल्याबद्दल."

प्रबोध इतका हसला की फोन हलला. क्षिप्राही हसली. "दुष्ट आहेस," ती म्हणाली, पण कौतुकाने. त्याच वेळी मैत्रेयी स्वयंपाकघरातून करी पफची बशी घेऊन आली होती. तीही हसली. मग बशी ठेवून आत गेली. तिच्या खोलीचे दार अगदी हलकेच लागले, आपण एरवी लावतो त्याहून हलके. मी निशिकांतच्या मांडीवर होतो. त्याचा हात उबदार होता आणि त्याला फार बरे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयी मला घ्यायला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कपाटावरून उघड्या दारातून मला समोरचा बोळ दिसतो. शेजारची चिनी आजी कुंड्यांना पाणी घालायची आणि माझ्याकडे बघून नवल करायची, हा आज घरीच कसा. मग एका दुपारी मैत्रेयीने आपले बूट एका पिशवीत भरले आणि माझ्या शेजारी आणून ठेवले.

"हे कुठं निघाले?" सुनेत्राने विचारले.

"देऊन टाक ना आई कोणाला. साइझ सेम असेल तर."

"रविवारी काय अनवाणी खेळणार आहेस?"

"जात नाहीये."

"का गं?"

"टायर्ड लाह, आई. नथिंग," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

सुनेत्राने पिशवी उचलली नाही, पण पुढे काही विचारलेही नाही. तिने निशिकांतला सांगितले. निशिकांत ऑफिसातून आला होता, टायसुद्धा सोडला नव्हता.

"जात नाही म्हणजे?" तो दारातूनच बोलू लागला. "मी सगळ्यांना सांगून बसलोय. बारा वर्षं मैदानावर जातेस आणि आता, ऐन वेळी? हा काय पोरखेळ आहे?"

"डोन्ट वॉन्ट, बाबा."

"कारण सांग. कारणाशिवाय मी काही ऐकून घेत नाही."

"कारण नाहीये."

"अभ्यास? मैत्रिणी? कोणी काही बोललं का तुला?"

मैत्रेयी त्याच्याकडे बघत राहिली. "नो वन... कोणी नाही," ती म्हणाली आणि आत गेली. निशिकांत सुनेत्राकडे वळून म्हणाला, "ही पिढीच अशी. जरा कष्ट आले की पाय मागे." मित्रांनो, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले, की आपण फुटावे. मोठा आवाज व्हावा, सगळ्यांनी माझ्याकडे बघावे, आणि निदान माझी वाकडी बाजू तरी कोणाला दिसावी.

शनिवारी प्रबोधच्या आग्रहाने पुन्हा बैठक ठरली होती. प्रबोध दारात चपला काढतानाच बोलू लागला, "निशिकांतराव, तुम्ही गाजलात! बूट घातल्याबद्दल एक मार्क, लोक नुसते लोळतायत. हजारोंनी पाहिलंय." त्याने मला कपाटावरून उचलले आणि आत नेले. क्षिप्रा आधीच आली होती. ती फोनवर तेच पान बघत होती.

"खालच्या प्रतिक्रिया वाचल्यास का?" तिने विचारले.

"वाचतोय की. हा म्हणतो, बिशानला क्लबचा प्रशिक्षक करा. ही म्हणते, पाहता पाहता चहा सांडला. आणि ही..." प्रबोधचा आवाज मंदावला. "ही टेसची आई आहे वाटतं."

"वाच ना."

"जाऊ दे."

"वाच," निशिकांत म्हणाला.

प्रबोधने वाचले. टेसच्या आईने रागाने काही लिहिले नव्हते. तिने लिहिले होते, की कोणीतरी हे टेसला पाठवले, आणि तिने ते बऱ्याच वेळा पाहिले. ती अठरा वर्षांची आहे. बस, एवढेच.

प्रबोधने फोन खाली ठेवला. मग निशिकांत म्हणाला, "हे बघा, मोठ्या मैदानावर उतरायचं तर टीका सहन करायला हवी. मी खोटं काहीच बोललो नाही. मनगट वळतं म्हणजे वळतं."

तेव्हा मैत्रेयी खोलीतून बाहेर आली. ती सरळ टेबलापाशी गेली आणि तिने मला उचलले. तिचे हात गार होते.

"बॉल माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"मैत्रेयी, आत्ता नाही..." निशिकांत म्हणाला.

"बॉल माझ्याकडे आहे, बाबा."

रिवाज निशिकांतनेच घातलेला. तो मागे सरकून बसला.

"मैत्रेयी," ती म्हणाली. आवाज तिचा होता, पण चाल बापाची होती. थांबून, मोजून, एकेक शब्द वेगळा ठेवत. "वय सतरा. उंची नाही. ठीक, देवाच्या हातात. चेंडू सोडताना मनगट वळतं. प्रत्येक वेळी. किक डगमगते. डावा पाय नुसता उभं राहायला दिलाय. चूक झाली की चेहऱ्यावर दिसतं. शाळेच्या मैदानावर छान दिसते. आईबाप टाळ्या वाजवतात."

"अगं, ते त्या टेसबद्दल बोलत होते," प्रबोध म्हणाला.

"बॉल तुमच्याकडे नाही, काका." मग ती बापाकडे वळली. "मार्क किती, बाबा?"

आणि तिने मला त्याच्या हातात दिले.

या घरात ज्याच्या हातात मी असे, तो कधी गप्प बसलेला मी पाहिला नव्हता. निशिकांत बसला. त्याने मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. क्षिप्रा खिडकीबाहेर बघत होती. सुनेत्रा स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती.

"मी तुझ्याबद्दल बोलत नव्हतो," तो शेवटी म्हणाला.

"पण सगळं माझंच होतं ना? एकेक गोष्ट. तुला दिसलंच नाही." ती मराठीतच बोलत राहिली, जे ती रागात कधी करत नसे. "मी लहान असल्यापासून तू फक्त सोड आणि मार म्हणायचास. मला वाटायचं, तुला आवडतं माझं खेळणं. मग कळलं, अनोळखी मुलीत हेच दिसलं तर तू किती हसतोस."

ती आत गेली. बैठक मोडली. प्रबोधने जाताना फोनवरून पानावरची ती चित्रफीत काढून टाकली. "पण लोकांनी पुढे पाठवलीय, निशिकांतराव," तो म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची मजा नव्हती. "आता माझ्या हातात नाही."

संध्याकाळी निशिकांत मला घेऊन खाली उतरला. पाऊस थांबला होता, मैदानावर डबकी होती. बऱ्याच वर्षांनी त्याने मला पायासमोर सोडले आणि मारले. मी डावीकडे गेलो. त्याने पुन्हा मारले. मी पुन्हा डावीकडे. तो मला घेऊन बाकावर बसला, डोळ्यांसमोर धरून फिरवू लागला, आणि त्याची बोटे माझ्या शिवणीवरच्या फुगवट्यावर थांबली. पुन्हा पुन्हा तिथेच थांबली. मित्रांनो, माझे वैगुण्य कोणाला कळले याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तो पळतच वर आला. धाप लागली होती. त्याने मैत्रेयीच्या दारावर टकटक केली.

"मैत्रेयी, तुझं मनगट नाही गं! चेंडू वाकडा आहे. हा बघ, इथं फुगलाय. तू त्याला सांभाळून घेत होतीस. म्हणून मनगट वळतं. चूक तुझी नाहीच, माझी आहे. मीच नवा आणू दिला नाही."

तिने दार उघडले. माझ्यावरून हात फिरवला, फुगवटा चाचपला. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. मग ती म्हणाली, "आणि बॉल सरळ असता तर?"

"म्हणजे?"

"बॉल सरळ असता आणि मनगट माझंच वाकडं असतं तर? मग दोन मार्क बरोबर होते?"

हिशेब लागला म्हणून तो धावत आला होता, आणि दारात उभा राहिल्यावर कळले की हिशेब तो नव्हताच. इतके दिवस मला वाटत होते, सगळा दोष माझ्या फुगवट्याचा. तेवढे सोपे असते तर किती बरे झाले असते.

"आणि टेसचा बॉल कसा होता, माहितीये तुला?" तिने हळूच विचारले.

"नाही," तो म्हणाला. "मी तिला दोन मिनिटं पाहिलं. तीही थांबवून थांबवून."

त्यानंतर तो जेवायला बसला नाही. दिवाणखान्यात जाऊन त्याने आपला फोन टेबलावर उभा केला आणि मला बाजूला खाली ठेवून, मोकळ्या हातांनी बोलला. इंग्रजीत, अडखळत बोलला. टेस, मी तुला खेळताना पाहिलेले नाही, आणि तरी तुझ्यावर हसलो, लोकांना हसवले. ते माझे चुकले. त्यात तुझे काही कमी नव्हते. दोनदा थांबला, पण पुसून पुन्हा सुरू केले नाही. जसे झाले तसेच चाहत्यांच्या पानावर टाकले. खाली कोणी हसले, कोणी म्हणाले, बिशानवाला मऊ पडला. टेसकडून उत्तर आले नाही. तिने का द्यावे?

सुनेत्रा त्याच्यासमोर ताट ठेवून म्हणाली, "खा. उपाशी राहून तिचं काही बरं होणार नाही."

"ती जाईल का गं उद्या?"

"मला माहीत नाही. आणि तूही विचारू नकोस."

रविवारी सकाळी मैत्रेयी उठली. खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या पायांत मोजे होते. तिने दाराशी येऊन बुटांची पिशवी उचलली. निशिकांत तयार होऊन सोफ्यावर बसला होता. टोपी, पाण्याची बाटली, सगळे हाताशी.

"आई येईल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तू नको येऊस, बाबा."

"बरं."

"तू असलास की मी तुझ्याकडेच बघेन. प्रत्येक किकनंतर."

"बरं," तो पुन्हा म्हणाला. दार लागले. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. जगातल्या कुठल्याही मुलीचा खेळ तो टीव्हीवर थांबवून पाहू शकत होता, फक्त स्वतःच्या मुलीचा पाहायला जाऊ शकत नव्हता. दुपारपर्यंत त्याने टीव्ही लावला नाही. एकदा उठून त्याने कपाटापाशी येऊन मला हातात घेतले, अंगठ्याने शिवण चाचपली आणि पुन्हा ठेवले.

त्या परत आल्या तेव्हा मैत्रेयीचे गुडघे मातीने भरले होते. निशिकांत उठून उभा राहिला. त्याच्या ओठांवर कितीतरी प्रश्न आलेले मला दिसले. किती किक, किती झेल, मनगट सरळ राहिले का, प्रशिक्षिका काय म्हणाली. ते सगळे त्याने गिळले.

"जेवलात का दोघी?" त्याने विचारले.

"हॉकर सेंटरच्या एका स्टॉलवर खाल्लं," सुनेत्रा म्हणाली आणि आत निघून गेली. मुद्दामच गेली.

मैत्रेयी माझ्या शेजारी जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली. ओल्या नाड्या सुटत नव्हत्या. निशिकांत खाली बसला आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागला.

"बाबा," ती नाडीकडे बघतच म्हणाली, "एक झेल घेतला मी. दोन मुलींच्या डोक्यावरून. कसा घेतला, माहीत नाही." मग तिने मान वर केली. "बघायला हवं होतंस तू."

निशिकांतचे हात नाडीवर थांबले. "सांग ना," तो म्हणाला.

ती सांगू लागली. हात वर करून, मान मागे टाकून, मातीचे गुडघे फरशीवर टेकवून. तिची गोष्ट तिने भरभर, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत, मध्येच 'आय टेल यू, बाबा' म्हणत सांगितली. त्यात चेंडू जरा जास्तच उंच गेला असेल, मुली जरा जास्तच धिप्पाड झाल्या असतील. निशिकांतने एकदाही तिला थांबवले नाही.

निवड झाली नाही, हे मंगळवारी कळले. राखीव मुलींत नाव होते. मैत्रेयी थोडे रडली, आणि चेहऱ्यावर ते दिसले, आणि कोणी त्याबद्दल काही म्हटले नाही. आता ती सकाळी नवा चेंडू घेऊन जाते. त्याची टोके सारखी आहेत, कातडे घट्ट आहे. कधी कधी निशिकांतही बरोबर जातो आणि लांब उभा राहून चेंडू परत आणून देतो. मला आता कोणी नेत नाही. मला त्याचे दुःख आहे, पण तक्रार नाही; वाकड्या चेंडूवर कोणाचा हात घडवू नये.

मित्रांनो, चेंडू असो वा बॅट, आपल्या वस्तूंकडे अधूनमधून नीट बघत जा. पावसात भिजल्या तर कोरड्या करा, झिजल्या तर ओळखा आणि हट्टाने जपू नका. एवढे तर कोणतीही जुनी वस्तू तुम्हांला सांगेल. मला आणखी एक सांगायचे आहे. तुम्हीही उद्या कोणाचा खेळ बघाल, कोणाचे गाणे ऐकाल, कोणाचे चित्र हातात घ्याल, आणि चटकन मार्क द्यावेसे वाटतील. तेव्हा तो खेळणारा कुठेतरी ते ऐकतो आहे, हे लक्षात ठेवा. आणि तो दूर असला, तरी त्याच्यासारखेच कोणी तुमच्या शेजारच्या खोलीत, दार हलकेच लावून बसलेले असू शकते.